पोटातला आवाज

मी एक जुना दिवाण आहे, मित्रांनो. दिवसा वर बसायचा, रात्री झोपायचा, आणि फळी उचलली की आत हे एवढं मोठं पोट. मला करून घेतलं तेव्हा सुतार म्हणाला होता, "बाई, एवढ्याशा खोलीत एवढं धूड? माणसं कुठे बसवणार?"

"माणसं त्याच्यावर, आणि माणसांचा पसारा त्याच्यात," बाई म्हणाल्या.

तसंच झालं. गोधड्या, जुनी पुस्तकं, पंख्याचं खोकं, मुलाचे लहान झालेले स्वेटर, सगळं त्यांनी माझ्या पोटात इतकं नेटकं बसवलं की पाहुणे म्हणायचे, "तुमच्याकडे सामानच नाही हो!" मी मनातल्या मनात फुगायचो.

पुढे बाईंची आजी झाली. मग त्यांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली, आणि त्या माझ्यावरच झोपून असायच्या. काही हवं झालं की बोटाने माझ्या फळीवर वाजवायच्या. टक् म्हणजे पाणी. टक् टक् म्हणजे कूस बदल. आतून मुलगा ओरडायचा, "आलो गं आई!" आणि यायचाच.

एका तिन्हीसांजेला तो गॅलरीत फोनवर बोलत होता, हसत होता. आत आला तेव्हा आजी गेल्या होत्या. त्यांचा हात माझ्या फळीवर होता. "पाणी हवं होतं का गं?" तो म्हणाला. "मला ऐकूच नाही आलं."

दिवसकार्य झाल्यावर त्याने माझं पोट रिकामं केलं आणि पुन्हा काही ठेवू दिलं नाही. "आईची जागा आहे. राहू दे."

मित्रांनो, रिकामं लाकूड बोलतं. संध्याकाळी गारवा आला की माझे सांधे आवळतात. मला त्याला सांगायचं होतं, अरे, तिने वाजवलंच नव्हतं, ती तुझं हसणं ऐकत होती, ऐकता ऐकता झोपली. पण मला एकच शब्द येतो. मी जीव खाऊन तो बोलायचो.

टक्.

तो पाण्याचा पेला घेऊन यायचा आणि माझ्याजवळ उभा राहायचा.

"कुणाला हो?" सूनबाई विचारायची.

"मलाच. तहान लागली." आणि पाणी तसंच राहायचं.

इकडे खोलीचं गोदाम झालं. टीव्हीवर इस्त्री, खुर्चीवर कपड्यांचा डोंगर, दाराआड बॅगा. त्यांची चिमणी तेव्हा नुकती चालायला लागली होती. एक दिवस बॅगेला अडखळली आणि तिचं कपाळ फुटलं. तिला कडेवर घेऊन, कपाळाला फडकं दाबून सूनबाई म्हणाली, "हिला पाऊल टाकायला जागा नाही, आणि आहे ती रिकामी ठेवलीय तुम्ही!"

"रिकामी नाहीये ती."

सूनबाईने चिमणीला थोपटलं. मग हळूच म्हणाली, "आईंनी ठेवली असती अशी? पिशवीत पिशवी घालून ठेवायच्या त्या. हा पसारा बघून मलाच बोलल्या असत्या."

तो रडता रडता हसला. मग त्यानेच माझी फळी उचलली. कपडे, बॅगा, इस्त्रीची चादर, सगळं आत गेलं. चिमणी खोलीभर दुडदुडू लागली. मी गच्च भरलो.

आणि माझी वाचा गेली. भरल्या पोटाचा आवाज होत नाही.

आता तिन्हीसांजेला तो माझ्याजवळ येऊन बसतो. कान देतो. काहीच वाजत नाही. मग इतक्या हळू म्हणतो की सूनबाईलाही ऐकू जात नाही, "रागावलीस का गं?"

मित्रांनो, तुमच्याही घरात कोपऱ्यात कुणी झोपून असेल. त्यांच्या जवळ बसून हसा, बोला. त्यांना ते ऐकू येतं, आणि पाण्याइतकंच हवं असतं. आणि आमच्याकडे कधी आलात तर माझ्यावर खुशाल उड्या मारा, पण त्याला एवढं सांगा. तिने हाक मारली नव्हती. त्या संध्याकाळी तिला काहीसुद्धा नको होतं.