चार दारांचा चहा

आळेफाट्यावर गॅरेजं वाढली, हॉटेलं वाढली, पण राबणाऱ्या माणसाला पाठ टेकायला खोली मिळेना. मोकळ्या जागा रगड होत्या, पण बहुतेक सरकारी भाडेपट्ट्याच्या. त्यांवर बांधून भाड्यानं द्यायला कुणी धजत नसे.

ठकूबाई धजली. उभा जन्म मेंढरांमागं आभाळाखाली काढलेली बाई. सरकारनं घरापुरती जागा पट्ट्यानं दिली, तशी तिनं मेंढरं विकून एकीच्या जागी चार खोल्या काढल्या. एकीत स्वतः राहिली, तीन भाड्यानं दिल्या.

कुणाच्या तरी डोळ्यांत ते खुपलं आणि नोटीस आली. भाचा सोपान ती वाचून म्हणाला, "आत्ये, पोटभाड्यानं द्यायला बंदी हाय. साहेब पाहणीला येनार. शर्तभंग निघाला तर घर सरकारजमा."

"पोटासाठीच तर भाडं घेते म्या," ठकूबाई म्हणाली. चुकलं काय, ते तिला शेवटपर्यंत कळलं नाही.

मग ठरलं, सगळ्यांनी पावणं व्हायचं. एका खोलीत गॅरेजातल्या मेस्त्रीची बायको ऋतिका राहायची, आठवा महिना संपत आलेला. तिनं विचारलं, "आजी, मी कोन सांगू?"

"माझी नात. बाळंतपणाला आलीयेस," ठकूबाई म्हणाली आणि तिच्या गालावरून हात फिरवला. ते खोटं तिला फार आवडलं होतं.

साहेब भर उन्हात आले. माणूस वाईट नव्हता. चारी खोल्या बघितल्या, दोन शब्द विचारले आणि "पाहुणेच दिसतात," म्हणून उठले. घर वाचलं होतं. एवढ्यात ठकूबाईचा स्वभाव आडवा आला.

"चा घेतल्याबिगर जायचं न्हाई, भाऊ."

हे चारी दारांत ऐकू गेलं. उंबऱ्याशी आलेला माणूस बिनचहाचा जावा, हे कुठल्या बाईला खपेल? चार दारांतून चार जणी कपबशा घेऊन आल्या. एकीचा आल्याचा, एकीचा कोरा, एकीचा गुळाचा. ऋतिकाचा सगळ्यांत दुधाळ.

साहेब कपांकडे बघत राहिले. "आजी, पाहुण्यांची चूल वेगळी कधीपासून झाली?"

त्यांनी ठकूबाईच्या हातचा चहा घेतला, कप खाली ठेवला आणि खाली मान घालून जे बघितलं ते लिहिलं.

हुकूम आला, तेव्हा ऋतिका ओली बाळंतीण होती. कळंबला कुणाच्या तरी पत्र्याच्या शेडात जागा मिळाली. टेम्पोत बसताना ती ठकूबाईच्या गळ्यात पडून रडली. म्हातारीनं बाळाच्या टाळूला हात लावला आणि टेम्पो गेला.

चारी दारांना सील लागलं. आता तिथं कुणीच राहणार नव्हतं, म्हणजे शर्त पाळली गेली म्हणायची! ठकूबाई अंगणात बोचक्यावर बसली होती. साहेब घाम पुसत समोर उभे राहिले, आणि तिच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "थांबा भाऊ, घोटभर चा टाकते."

ती उठली, दारापर्यंत गेली. चूल आत होती.