आमसुलाने घासलेली कळशी

मी चिमाच्या आंदणातली तांब्याची कळशी बोलतेय. आज कोनाड्यात बसून आहे, पण एके काळी माझा तोरा काही विचारू नका. तांबटाने मला ठोकून घडवलं तेव्हाच तो म्हणाला होता, हिच्यातलं पाणी कधी नासायचं नाही. पुढे हे मी इतक्यांच्या तोंडून ऐकलं की मला त्याचा गर्वच झाला.

चिमाचा नवरा विठू आगबोटीवर कोळसा ओढायचा. वर्षातले दहा महिने दर्यावर, आणि घरी यायचा तो खोकत. सन चौतीसच्या पावसाळ्याआधी एका डॉक्टरांनी मिरजोळ्याला चिऱ्यांची तीन टाकी बांधली आणि त्यांत बोटाच्या पेराएवढे मासे वाढवायला घेतले. हे मासे विहिरीत सोडले की डासांच्या अळ्या खातात आणि हिवताप हटतो, असं त्यांचं म्हणणं. विठूला तिथे काम मिळालं. डॉक्टर म्हणाले, दसऱ्यापर्यंत नीट केलंस तर कायम, नाहीतर पुन्हा आगबोट.

खायचे सोडून डासांसाठी मासे पाळायचे, यावर वाडीत पुष्कळ हसून झालं. विठू मात्र मन लावून शिकला. हे मासे अंडी घालत नाहीत, पिल्लंच देतात. पिल्लं झाली की आईला लगेच वेगळं काढायचं, नाहीतर तीच त्यांना खाते. हे त्याने घरी सांगितलं तेव्हा चिमा जेवता जेवता थांबली.

गणपती गेल्यावर पहिली पिल्लं बाहेर न्यायची ठरली. दोन कोसांवरच्या एका वाडीत घरोघरी ताप होता. भांडं स्वच्छ हवं, एवढंच डॉक्टर म्हणाले होते. कातळावरच्या वाटेत मडकं फुटेल अशी विठूला धास्ती, म्हणून चिमाने मला काढलं.

"पयल्या कामाला कालां भांडां नेतात काय?" असं म्हणत तिने मला आमसुलाने घासलं, मग राखेने घासलं. मी लखलखले. खरं सांगते, त्या सकाळी मला फार सुख झालं.

अर्ध्या वाटेवर पिल्लं वर येऊन तोंडं उघडू लागली. विठूला वाटलं, ऊन लागलं. त्याने वाटेतल्या पऱ्याचं, वाहत्या ओहोळाचं, ताजं पाणी भरलं, पंचा ओला करून माझ्याभोवती गुंडाळला. आतून त्यांची धडपड मला लागत होती. ती हळूहळू थांबली.

विहिरीवर बायका वाट बघत होत्या. सगळ्यांच्या पुढे गोदा नावाची एक बाई, कडेवर तापाने फणफणलेला मुलगा. विठूने आत पाहिलं. दोनशे पिल्लं पोटं वर करून तरंगत होती. मला तशीच विहिरीत पालथी केली असती तर कुणाला कळलं नसतं आणि नोकरीही वाचली असती. त्याने मला उचललंही. मग खाली ठेवलं.

"सगली मेली गो वैनी," तो म्हणाला. "कशी ती मला नाय कलत."

गोदाने मुलाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "परत कदी येशील?"

संध्याकाळी त्याने डॉक्टरांना सगळं सांगितलं. भांडं कुठलं नेलंस, एवढंच त्यांनी विचारलं. मग म्हणाले, तांबं पाण्यात उतरतं, आंबटाने घासलेलं तर जास्तच. माणसाला ते सोसतं, या जिवांना नाही. हे मीच आधी सांगायला हवं होतं, असं म्हणून त्यांनी विठूला कामावर कायम केलं. ज्या गुणाचा मला गर्व होता, त्यानेच मी दोनशे जीव मारले होते.

पुढची पिल्लं तयार व्हायला तीन आठवडे लागले. या खेपेला मडकं गेलं आणि एकही पिल्लू मेलं नाही. पण विठूने घरी येऊन सांगितलं, विहिरीवर गोदा आली ती एकटीच. तिच्या कडेवर कुणी नव्हतं. डॉक्टर सांगतात, त्या मुलाला ताप आधीच होता, मासे वेळेवर पोचले असते तरी तो वाचला नसता. विठू ऐकून घेतो आणि पुन्हा टाकी घासायला लागतो.

याला आता तीन वर्षं झाली. विठू अजून टाक्यांवरच आहे, खोकलाही गेला. सणासुदीला चिमा मला खाली काढते, पाहुण्यांना माझ्यातलं पाणी देते आणि ते त्याची वाखाणणी करतात. विठू मात्र उठून परसातल्या मडक्यातलं पितो. चिमे, तुझ्याकडे एवढंच मागते, मला आता आमसूल लावू नकोस. काळीच राहू दे.