डोंगलची खंडेनवमी

मित्रांनो, मी एक जुना डोंगल आहे. काडेपेटीएवढं माझं अंग, पण सातपूरच्या आमच्या कारखान्यांच्या गल्लीत माझ्यासारखा कडक पहारेकरी झाला नाही. संगणकाच्या पाठीत मला खोचलं, तरच यंत्रांचे नकाशे काढायचा प्रोग्राम उघडायचा. मला पाहून चोरांना थंडीताप भरायचा. दोघे तर आळंदीला निघून गेले म्हणतात. म्हणणारा मीच.

माझे मालक वाल्मीकशेठ. अख्ख्या गल्लीत प्रोग्राम विकत घेणारे ते एकटेच. शेजारच्या कारखान्याचा दीपक चोरीची प्रत वापरायचा आणि वर यांनाच हसायचा.

१९९८ सालची खंडेनवमी. कारखान्यात यंत्रांची पूजा चालली होती. शेठच्या आई नवसाबाई म्हणाल्या, "एवढं महागाचं कुलूप, त्याला पूजा नाय का?" झालं. मला उपसून ताम्हनात बसवलं. हळद, कुंकू, ओल्या अक्षता. मी फुगलो.

परत खोचलं, तर पडद्यावर अक्षरं उमटली : कुलूप नाही, प्रत चोरीची आहे.

शेठनी स्वतःच्या डोक्यातून द्राक्षं निवडायचं यंत्र काढलं होतं. त्याचा नकाशा संध्याकाळपर्यंत गंगापूर रोडच्या गिऱ्हाइकाला द्यायचा होता, नाहीतर काम हातचं जाणार.

दीपक दारात हजर. "विकत घेणारा चोर, आणि माझी प्रत बघा कशी पळते. आणा शेठ नकाशा, मी उघडतो."

"तू उघडशील आणि उद्या यंत्रही बनवशील," शेठ म्हणाले.

त्यांनी प्रोग्रामच्या कंपनीला फोन लावला. तिकडचा माणूस विचारू लागला : संगणक किती, कामगार किती, काय बनवता, नकाशाची फाईल पाठवा.

"सोयरीक जमवताय का?" शेठ म्हणाले. "पत्ता घ्या, दुसरं कुलूप पाठवा. नकाशा मिळणार नाही." आणि फोन ठेवला.

तेवढ्यात नकाशे काढणाऱ्या तेजस्विनीने मला उपसून उजेडात धरलं. "काकू, तुमची अक्षता पिनांत अडकलीय." तिने टाचणीने ती काढली, पिना पुसल्या, आणि प्रोग्राम उघडला.

"घोटीचा तांदूळ हाय," नवसाबाई म्हणाल्या. "लय चिवट."

दिवेलागणीआधी शेठ नकाशाची गुंडाळी घेऊन निघाले. दीपकने मान लांबवली, तशी त्यांनी ती दुसऱ्या काखेत घेतली.

मित्रांनो, आता कुलपं इंटरनेटच्या तारेतून येतात आणि घरातलं सगळं विचारत बसतात. प्रोग्राम विकतच घ्या. आमची पूजा लांबूनच करा. मी इतकी वर्षं पाठीला चिकटून होतो, पण आतलं अवाक्षर बाहेर सांगितलं नाही. मला काही कळत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. पण पहारेकरी असाच बरा.