इथीन आधी की इथाइन

आमच्या तनुजाचे पाच मार्क मी घालवले. मी म्हणजे तिची सख्खी आई. उज्ज्वला, बी.एस्सी. केमिस्ट्री, मुक्काम औसा.

पोरीच्या नीटपायी, म्हणजे डॉक्टरकीच्या परीक्षेपायी, लातुरात खोली करून राहिलेल्या बायांतली मी एक. मालक औश्याला दुकान बघतात, मी इथं डबा आणि पोरीचं तोंड बघते. क्लासमध्ये दर रविवारी टेस्ट, सोमवारी यादी. वरचे साठ पहिल्या बॅचला, बाकीचे खाली. पहिल्या बॅचला आदिनाथ सर स्वतः शिकवतात, खालच्यांना कुणीही. तनुजा अठ्ठावन्नावी, म्हणजे अगदी काठावर. आणि परीक्षा दोन महिन्यांवर.

शनिवारी ती घोकत बसली होती, ब्रोमीनशी आधी कोण जुळतं, इथीन की इथाइन? सरांनी युक्ती दिलेली, बंध जास्त तो उतावीळ जास्त. इथीनच्या दोन कार्बनांत दुहेरी बंध, इथाइनच्या तिहेरी, म्हणून इथाइन. माझं डोकंच फिरलं. अगं, नुसतं मोजून काय होतंय? तिहेरी बंधातले कार्बन लई जवळ असतात, इलेक्ट्रॉन मुठीत आवळून धरतात. ब्रोमीनला सहजी देत न्हाईत. इथीनची मूठ सैल, म्हणून इथीन आधी. तव्यावरची पोळी करपली, पण मी कागदावर काढून दाखवलं. तिला पटलं. वीस वर्षांनी माझं शिक्षण कुणाच्या तरी कामी आलं म्हणून मला लई बरं वाटलं.

रविवारी नेमका तोच प्रश्न आला. तिनं इथीनचा गोल काळा केला. क्लासच्या आन्सर-कीत इथाइन. चार गेले, वर एक कापला. सोमवारी यादीत पोरगी त्रेसष्टावी.

माझं जुनं पुस्तक काखेत मारून मी तडक क्लासवर गेले. सरांनी पान दोनदा वाचलं. माणूस वाईट न्हाई, चिडलेसुद्धा न्हाईत.

"तुमचं बरोबर हाय, मॅडम," ते म्हणाले. "पण यादी लागलीय. आता हात लावला तर उद्या सगळेच पालक पुस्तकं घेऊन येतील."

पुढच्या पेपराला आन्सर-की दुरुस्त करतो म्हणाले. अशा माणसाशी भांडावं तरी कसं? घरी येऊन मी तनुजाला सांगितलं की आपलंच बरोबर होतं. आठवडाभर तिनं मला एकही शंका विचारली न्हाई, भिंतीकडं तोंड करून वाचत राहिली.

झालेले प्रश्न पुढच्या पेपरात पुन्हा घालायचे, हा क्लासचा रिवाज. पुढच्या सोमवारी तनुजा एक्कावन्नावी आली. मी पेढे आणले. कौतुकानं तिचा पेपर बघायला घेतला, तर तोच प्रश्न आणि आन्सर-कीही तीच. दुरुस्ती कुठली न् काय! आणि तनुजानं इथाइनचा गोल काळाकुट्ट केलेला. चारपैकी चार.

"अगं, तुला तर कळलं होतं ना?"

"कळलं होतं. म्हणूनच यावेळी सरांचं लिहिलं."

माझा संताप संताप झाला. सरांवर, यादीवर, पण पोरीवर ओरडायला तोंड कुठं होतं? ती पहिल्या बॅचला परत गेली होती, तेवढ्यासाठीच तर मी इथं खोली करून बसले होते.

"आणि खऱ्या परीक्षेत आला तर?" मी विचारलं.

पेढा हातात धरून ती खरंच विचारात पडली.

"तिथली आन्सर-की कोण काढतं, मम्मी?"