लोरेटाची दोन मिनिटं

सेंट लुईसच्या शिक्षण मंडळापुढे बोलायला माणशी दोनच मिनिटं मिळतात. घंटी वाजली की उरलेलं वाक्य गिळून मुकाट्याने खाली बसायचं. नाव आधी दारातल्या यादीत लिहावं लागतं. लोरेटा मेबरीने सत्ताविसावं नाव लिहिलं आणि मागे वळून पाहते तर अठ्ठाविसाव्या नंबराला तिच्या मुलीच्या बालवर्गाच्या ग्रँबी बाई उभ्या.

झाली का पंचाईत. लोरेटाच्या अंगात पिवळा टी-शर्ट, बाईंच्या अंगात लाल. पिवळे चार्टर शाळेवाले. ती शाळा सरकारी पैशावर पण आपल्या तंत्राने चालायची. तिची पाच वर्षांची परवानगी संपत आलेली, आणि वाढवायची की शाळेला टाळं ठोकायचं हे आज ठरणार होतं. लाल शर्टवाले गल्लीतल्या जुन्या शाळेचे. चार्टर आमची मुलं पळवते नि आमचे वर्ग ओस पडतात, असं त्यांचं म्हणणं. आणि खरं सांगायचं तर ते काही खोटं नव्हतं. लोरेटाची मुलगी डेलीशाच पहिलीनंतर चार्टरच्या सोडतीत नाव लागलं म्हणून तिकडे गेली होती. आता पोर नऊ वर्षांची, सकाळी न उठवता उठायची. शाळा बंद झाली तर तिला कुठे घालायचं, या काळजीने लोरेटाचा जीव टांगणीला लागला होता.

"कशी आहे गं आपली डेलीशा?" बाईंनी विचारलं.

"मजेत आहे, बाई. तुम्ही आमच्या विरुद्धच बोलणार ना?"

"मग काय तुमची आरती ओवाळू? दोन मिनिटांत सगळं मावेल का, तेवढीच धास्ती आहे."

लोरेटाचं नाव पुकारलं. चार दिवस घोकलेलं भाषण माईकसमोर पार उडालं. तोंडात आलं ते भलतंच.

"माझी मुलगी बालवर्गात गेली तेव्हा घराबाहेर एक शब्द बोलत नव्हती. ग्रँबी बाई रोज तिचा डबा उघडून विचारायच्या, आज काय आणलंस? उत्तर नाही. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायच्या. तीन महिने. मग एक दिवस ती म्हणाली, संत्रं. बाईंनी मला कामावर फोन केला. मी म्हातारे पेशंट सांभाळते, त्या दिवशी पेशंटच माझे डोळे पुसत होता. या बाईंचे उपकार मी..."

घंटी वाजली. पिवळ्यांनी कपाळाला हात लावले. आपल्या शाळेचं नावसुद्धा न घेता लोरेटाने वेळ संपवला होता.

ग्रँबी बाई माईकपाशी आल्या. "माझी दोन मिनिटं हिला द्या."

"अहो बाई, काय करताय हे?" लाल रांगेतून कोणीतरी म्हणालं.

"वेळ माझा आहे. बोल, लोरेटा. नीट सांग."

लोरेटा पुन्हा माईकपाशी गेली. "बाईंनी तिला बोलतं केलं. आमच्या चार्टर शाळेत ती हात वर करून प्रश्न विचारायला शिकली. ही शाळा सुटली तर ती पुन्हा गप्प होईल. एवढंच म्हणायचं होतं." अर्धं मिनिट शिल्लक होतं, ते तिने तसंच सोडलं.

मंडळाने मतं दिली: तिघे विरुद्ध, चौघे बाजूने. तीन वर्षांची मुदतवाढ मिळाली.

लोरेटाने बाईंना बाहेरच्या पायऱ्यांवर गाठलं. "बाई, मी तुमची फार आभारी आहे. पण असं का केलंत?"

"तुमची शाळा मला आजही नकोच आहे. पण आपल्या पोरीबद्दल अर्धवट ऐकवेना मला." बाई खाली बसल्या. "पुढच्या महिन्यात आमची सुनावणी आहे. आमची शाळा बंद करायचं चाललंय."

लोरेटा आत परत गेली. पुढच्या महिन्याची यादी मागून घेतली, पिवळ्या शर्टातच तिच्यावर नाव लिहिलं आणि बाहेर आली.

"वेडी आहेस का? तुझी माणसं तुला खातील," बाई म्हणाल्या. "आणि बोलशील काय?"

"आज जे बोलायला नको होतं, तेच."