आभाळ कुणाच्या नावावर?

मंडळी, घराला खिडकी कशासाठी असते? वारा यावा म्हणून. आकडेताईंच्या स्वयंपाकघराला चांगली रुंद खिडकी होती, पण चार वर्षांत ती कुणी उघडली नव्हती. समोरच्या गच्चीवर मोबाइल कंपनीचा टॉवर आणि खाली भिंतीलगत त्याचा जनरेटर. वीज गेली की तो सुरू होई, आणि वीज रोजच जाई. बंद खिडकीच्या फटीतूनही काजळी आत येई. ताईंचे बाबा रोज सकाळी ती ओल्या फडक्याने पुसत.

बाबांचा उभा जन्म जनरेटर दुरुस्त करण्यात गेला होता. कान निम्मे गेलेच होते, आता छातीही घरघरत होती. आणि ताईंची नोकरी त्याच मोबाइल कंपनीत! कुठल्या टॉवरने किती डिझेल जाळले, हवेत किती कार्बन गेला, याचा वार्षिक तक्ता त्या करत. म्हणून ऑफिसात त्यांचे नाव पडले आकडेताई.

दहा वर्षांपूर्वी कंपनीने जगाला शब्द दिला होता, आमचा धूर निम्म्यावर आणू. यंदा दहावे वर्ष. शनिवारी दुपारी ताई तक्ता घेऊनच घरी आल्या.

"बाबा, साधलं बरं का. निम्म्याच्याही खाली आलो. सोमवारी माझी सही झाली की छापायला जाईल."

बाबांनी ते काळे फडके तक्त्याशेजारी ठेवले. "मग हा धूर कुणाचा?"

"हा आता आमचा नाही. यंदा सगळे टॉवर दुसऱ्या कंपनीच्या नावावर केले. मालक तेच, पण कागदोपत्री वेगळी. आम्ही फक्त भाडेकरू."

"जनरेटर बदलले?"

"नाही."

"डिझेल कमी झालं?"

ताई अडखळल्या. "थोडं वाढलंच."

"वा गं वा! केर शेजारच्या दारात लोटायचा आणि म्हणायचं, बघा माझं अंगण कसं लख्ख! पोरी, कंपन्या दोन केल्यात, आभाळ दोन केलंत का? देवानं ते एकच दिलंय, आणि कुणाच्याच नावावर दिलेलं नाही."

"नियमात बसतं ते, बाबा."

"नियमात बसत असेल. माझ्या तर छातीत बसलंय."

"मी सही नाही केली तर दुसरं कुणी करेल. काय फरक पडणार आहे?"

"काही नाही पडायचा," बाबा खोकत म्हणाले. "म्हणून ती तुझ्याच हातानं व्हायला हवी का?"

ताईंना रविवारभर जेवण गेले नाही. सोमवारी त्यांनी तक्त्याखाली एक ओळ लिहिली : 'टॉवर फक्त नावाने दुसऱ्याचे झाले आहेत. ते धरले तर आपला धूर दहा वर्षांत वाढलाच आहे.' साहेबांनी ती दोनदा वाचली.

"ताई, खरं आहे तुमचं. पण ही ओळ छापली तर सगळंच मुसळ केरात."

"मग माझी सही नको, साहेब."

"तुमची नाही तर माझी," साहेब थकल्या आवाजात म्हणाले. "मलाही घरदार आहे हो."

अहवाल छापून आला. पांढरेशुभ्र मुखपृष्ठ, त्यावर एक हिरवे पान. ताईंची ओळ त्यात नव्हती. सभागृहात टाळ्या झाल्या, कंपनीला मानचिन्ह मिळाले. ताईंची बदली सिमकार्डांच्या गोदामात झाली. शेजारच्या टेबलावरची मैत्रीण जाता जाता म्हणाली, "नसतं शहाणपण नडलं गं तुला." विचारायला दुसरे कुणी आले नाही.

बाबांनी तो अहवाल खिडकीच्या फटीपाशी ठेवून दिला. आठवड्याने त्यावरचे हिरवे पान काजळीखाली दिसेनासे झाले. वीज गेली, समोर जनरेटर गुरगुरला. बाबांनी सवयीने फडके उचलले.

"राहू द्या, बाबा," ताई म्हणाल्या. "एवढं एक तरी खरं बोलू द्या त्या अहवालाला."

मंडळी, या गोष्टीत धूर कमी झाला नाही. पुढे होईल असेही दिसत नाही. बाबांची छाती आता जिना चढू देत नाही आणि खिडकी अजून बंदच आहे. पण नाव बदलल्याने पाप धुतले जात नाही, एवढे तरी आपण ओळखावे. आभाळ राखणे आपल्या एकट्याच्या हाती नसेल. पण ते राखले गेले, अशी खोटी सही तरी आपल्या हातून होऊ नये.