माळ्यावरची बॅटरी

बॅटरी जमिनीवर ठेवली की जमीन करंट पिऊन टाकते, हे सावरगावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मनोहर तर बी.ए. झालेला, त्यामुळे त्यानं बॅटरीखाली पाट ठेवला.

संध्याकाळी वीज जायची ती जायचीच, म्हणून टीव्हीसाठी ही ट्रॅक्टरची बॅटरी. सोमवारी भरून आणायची, आठवडाभर जपायची आणि रविवारी सिनेमा. हिवाळाभर नीट चाललं. उन्हं तापली तशी एका रविवारी पडद्यावरची नायिका आक्रसत आक्रसत ठिपका झाली.

मनोहरचा पहिला संशय श्रीधरवर. त्याचं चार्जिंगचं दुकान जांब नदीपलीकडे, पांढुर्ण्यात. ज्या गावाशी पोळ्याच्या पाडव्याला गोटमारीत दगडांनी बोलायचं, त्या गावात आपली बॅटरी मुक्कामाला ठेवायची, हेच त्याला खटकत होतं. श्रीधरनं बुचं उघडली, आतलं पाणी उडाल्याचं सांगितलं आणि उन्हात ठेवता का, असं विचारलं. मनोहर म्हणाला, सावलीत ठेवतो. घरी येता येता त्याच्या डोक्यात आलं, आपण बॅटरी कुठं ठेवतो याच्याशी या माणसाला काय करायचं?

त्या दिवशी पाट गेला आणि बॅटरी माळ्यावर चढली. वर टिनाचं छप्पर, खाली जमीन पार दूर. दाराला कुलूप, किल्ली करगोट्याला. तिथं विस्तवाशिवाय पापड भाजतील, असं त्याची बायको मंगला म्हणाली. पापड नाही, बॅटरी ठेवून राहिलो, असं त्यानं तिला समजावलं.

पुढच्या रविवारी तर बातम्याही पुऱ्या झाल्या नाहीत.

जमीन नाही, श्रीधर नाही, मग उरला घरातला माणूस. धाकटा भाऊ देवीदास मागच्या खोल्यांत राही, चूल एकच. पुरावेही होते. तो दुपारी सिनेमातली गाणी गुणगुणे. मनोहरनं माळ्याच्या शिडीवर राख पसरली. सकाळी राखेत फक्त मांजराची पावलं उमटलेली. देवीदास किती जपून चालतो, हे त्याला तेव्हा कळलं.

जेवताना त्यानं विषय काढला.

"दुपारी कोण टीव्ही लावून राहिलं?"

"मले काय माहीत, भाऊ? किल्ली तर तुमच्याच कंबरेले."

"किल्ली माह्यापाशी आहे, हे तुले कसं माहीत?"

देवीदासनं घास खाली ठेवला. मंगला म्हणाली, "आधी जमीन पीत होती, आता माहा दीर पिऊन राहिला. उद्या माह्यावर येईल."

मंगलावर पाळी आलीच नाही. सख्ख्या भावावर पाळत ठेवून कुठवर राहायचं, म्हणून मनोहरनं अंगणात भिंत घालायचं ठरवलं. देवीदास काही बोलला नाही. हा तर कबुलीजबाबच होता. चुली दोन झाल्या. टीव्ही मनोहरकडे राहिला, आणि ज्यानं करंट प्यायला त्यानंच सांभाळावी म्हणून जुनी बॅटरी देवीदासला मिळाली. त्याच्या वाट्याला माळा नव्हता. त्यानं श्रीधरकडून तिच्यात पाणी घालून घेतलं, भरून आणली आणि रांजणापाशी ओल्या मातीवरच ठेवून दिली. मनोहरला बरं वाटलं. आता जमीनच त्याला धडा शिकवणार होती.

मनोहरनं नवी बॅटरी घेतली. माळ्यावर चढवली. कुलपं दोन लावली.

भर मे महिन्यातल्या एका रविवारी वीज गेली. नव्या बॅटरीवर टीव्ही थोडा वेळ चालला, मग आवाज बसला, मग चित्र. पडद्यावर तोच ओळखीचा ठिपका. पलीकडे देवीदासचा बॅटरीवरचा दिवा मात्र असा लख्ख की भिंतीच्या माथ्यावरची वीट न् वीट मोजावी.

"भाऊ," पलीकडून देवीदासची हाक आली, "अंधारात कायले बसता? टीव्ही घेऊन इकडं या. माह्या बॅटरीत लय दम आहे. वहिनीलेही आणा."

मंगला उठली. पदर खोचून तिनं टीव्हीला हात घातलाही. मनोहरनं तिला थांबवलं.

"समजलं का?" तो हळूच म्हणाला. "दम आपलाच आहे. म्हणून तर एवढ्या मायेनं बोलावून राहिला."

सकाळी त्यानं गवंड्याला बोलावलं आणि भिंत हातभर उंच करायला सांगितली.